दहा ओळी, बारा वाजेपर्यंत

सदाशिव पेठ, पुणे
मंगळवार, १५ जुलै २०२५

प्रति,
कार्यालय अधीक्षक,
विद्याप्रबोध मंडळाचे विज्ञान महाविद्यालय, वाघोली

महोदय,

सोमवार, दिनांक १४ जुलै २०२५, दुपारी बारा वाजून सात मिनिटे. या वेळी आपल्या कार्यालयाच्या खिडकी क्रमांक तीनची काच कुमारी ऋतुजा बजरंग हरगुडे हिच्या तोंडावर ओढून घेण्यात आली. वेळेबद्दल वाद घालू नये. बंद काचेचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहे आणि त्यावर वेळ आहे.

मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडे ‘संयुक्त विद्यार्थी साहाय्य निधी’ म्हणून काही आहे, त्याचा अर्ज तिच्या हातात होता. खिडकी उघडी होती. आतला माणूस जागेवर होता (हे आपल्याकडे रोज घडत नसावे), हातात स्टेपलर होता आणि तो इतरांचे अर्ज टाचत होता. तिने अर्ज पुढे केला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले आणि काच ओढली.

त्या सात मिनिटांत त्याचे काय गेले असते ते मला ठाऊक नाही. तिचे काय जाणार ते सांगते. सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळते, पण ती शिकवणी शुल्काची, आणि तीही वर्ष उलटल्यावर खात्यात येते. प्रयोगशाळा, परीक्षा आणि प्रकल्प यांचे पैसे आपले महाविद्यालय पंधरा ऑगस्टच्या आत मागते. ते भरले नाहीत तर नाव पटावरून जाते. हा निधी नेमका याच खर्चासाठी आहे असे आपल्याच सूचनाफलकावर लिहिले आहे. म्हणजे विहिरीवर दोर टांगून ठेवायचा आणि बाराच्या ठोक्याला तो गुंडाळून डबा खायला जायचे.

मी मुलीची नातेवाईक नाही. तिची आजी शकू हरगुडे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षे माझ्या हाताखाली अटेंडंट होती. मी तिथे सुपरवायझर होते, तेव्हा घड्याळ मला शिकवू नये. तीन मिनिटे संपली की ट्रंक कॉल तोडण्याचा नियम होता. पलीकडचे माणूस रडत असेल तर मी आणखी तीन मिनिटे दिलेली आहेत.

अर्ज दाखल करून घ्यावा आणि तसे सात दिवसांत लेखी कळवावे. फोन करू नये. तेहेतीस वर्षे मी इतरांची भांडणे जोडून दिली. माझे स्वतःचे मी कागदावर करते.

सत्यशीला रिसबूड

—

वाघोली
शुक्रवार, १८ जुलै २०२५

श्रीमती सत्यशीला रिसबूड यांस,

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. खिडकी क्रमांक तीनवर त्या दिवशी आमचे सहायक श्री. पुष्कर बसले होते. ते जागेवर होते, हे आपण नमूद केल्याबद्दल आभार.

अर्जाची मुदत दुपारी बारापर्यंत होती. बारापूर्वी जे रांगेत उभे राहिले त्यांचे अर्ज घेण्यात सात मिनिटे गेली, त्यामुळे काच तोवर उघडी होती. कुमारी हरगुडे रांगेत नव्हत्या. त्या कार्यालयासमोरच्या बाकावर होत्या. अर्जाचा कागद त्यांनी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी घेतल्याची सही आमच्या वहीत आहे. बाक ते खिडकी हे अंतर अंदाजे बारा पावले आहे.

उशिरा आलेला अर्ज कोणत्याही कारणास्तव घेऊ नये, ही निधीच्या नियमावलीतील अट क्रमांक सहा आहे. ही अट कार्यालयाने घातलेली नाही. ती मूळ दात्याची आहे, आणि दात्याने लेखी बदलल्याशिवाय आम्हाला बदलता येत नाही. दात्याचे नाव आपणांस कळवणे मला या घडीला योग्य वाटत नाही.

कळावे,
दिगंबर ठोसर
कार्यालय अधीक्षक

—

सदाशिव पेठ
शनिवार, १९ जुलै

ऋतुजा,

तू मला सांगितलंस की नगर रोडला बस अडकली. मी त्या बसवर विश्वास ठेवून एका माणसाशी भांडायला उभी राहिले. आता तो माणूस वही उघडून सांगतो की तू दहा पन्नासला तिथे हजर होतीस, सही करून कागद घेतलास आणि तासभर बाकावर बसलीस. बारा पावलांवर. पावलं त्यानं मोजली आहेत. तसलाच माणूस दिसतो.

मला खोटं चालत नाही हे तुझ्या आजीला विचार. आणि खोट्यापेक्षाही, खोट्यावर उभं राहून भांडायला लावणं मला अजिबात चालत नाही. अर्ज हातात, खिडकी समोर, आणि तू करत काय होतीस? मोबाइल बघत होतीस? मैत्रिणीची वाट बघत होतीस? की तुला शिकायचंच नाही आणि ते सांगायची हिंमत नाही?

फोन करू नकोस. फोनवर तू ‘हो आजी, नाही आजी’ करशील आणि मी ऐकून घेईन. बसून लिही.

सत्यशीला रिसबूड

—

वाघोली
मंगळवार, २२ जुलै

आदरणीय रिसबूड आजींना सा. न.

सॉरी. बस वेळेवर होती.

तुम्हाला तो फॉर्म माहीत नाही म्हणून आधी तो सांगते. नाव, वर्ष, मार्क हे सगळं वरच्या चार ओळींत संपतं. खाली अर्धं पान कोरं आहे आणि त्याच्यावर छापलंय की अर्जदाराने आपल्या कुटुंबाच्या गरिबीचे वर्णन स्वतःच्या हाताने, इंग्रजीत, किमान दहा ओळींत करावे. घरून लिहून आणलेलं चालत नाही. कागद खिडकीवर घ्यायचा, समोरच्या बाकावर बसून लिहायचा आणि बाराच्या आत द्यायचा. दुसऱ्याकडून कुणी लिहून आणू नये म्हणून तसं आहे म्हणे.

उत्पन्नाचा दाखला मी जोडला होता. मार्कलिस्ट जोडली होती. मला वाटलं तेवढ्यावरून कळत असेल.

कागद घेताना पुष्कर सरांनी आडनाव वाचलं. हसून म्हणाले, “हरगुडे? मग तुम्हाला काय कमी?” वाईट बोलले नाहीत ते. सगळेच म्हणतात. कॉलेजच्या गेटसमोर जो मोठा बोर्ड आहे ना, फ्लॅटची जाहिरात, त्याच्यावर आमचंच आडनाव आहे. पृथ्वीराज काका म्हणजे पप्पांचे लांबचे चुलतभाऊ. त्यांच्या वाट्याला रोडची जमीन आली, आमच्या वाट्याला ओढ्याची. आता ओढ्यावरून रिंग रोड जाईल नाहीतर जाणार नाही, असं सगळे वीस वर्षं म्हणतायत. पप्पा स्कूल व्हॅन चालवायचे. शाळेनं जूनमध्ये स्वतःच्या बस घेतल्या. व्हॅन दारात उभी आहे.

यातलं इंग्रजीत काय लिहू? बाकावर माझ्या बाजूला आमच्याच वर्गातली दोघं होती. एक जण माझ्या कागदात बघत होता, वाईट हेतूनं नाही, त्याला सुरुवात कशी करायची ते सुचत नव्हतं. मी लिहिलं, खोडलं. नवीन कागद मागितला. पप्पा बेकार आहेत असं लिहिलं आणि ते वाचून मला वाटलं हे पप्पांनी वाचलं तर. आईबद्दल लिहिलं तर ते खोटं वाटायला लागलं, सिरियलसारखं. आमच्या घरात रडारड नसते आजी. रात्री जेवताना पप्पा जोक करतात. ते कुठल्या ओळीत बसवायचं?

बाराला पाच कमी होते तेव्हा मी अडीच ओळी लिहिल्या. मराठीत त्याचा अर्थ असा होतो: माझे वडील कष्ट करतात. सध्या त्यांच्याकडे काम नाही. बाकीचं आमच्या घरातलं आहे. मग परत वाटलं दहा नाहीत, रिजेक्ट होईल. आणखी ओळी जुळवत बसले आणि बारा वाजून गेले.

तुम्हाला बसचं सांगितलं कारण हे सांगायची लाज वाटली.

कॉलेजला लिहिलेल्या पत्राची तुम्ही दिलेली प्रत मी आजीला वाचून दाखवली. ट्रंक कॉलचं ऐकून ती म्हणाली, “बाईंनी? आन जादा मिनिट? झोपेत दिलं आसंल.”

तुमची,
ऋतुजा

—

सदाशिव पेठ, पुणे
बुधवार, २३ जुलै २०२५

श्री. दिगंबर ठोसर यांस,

आपली बारा पावले मला मान्य. आता मी काय विचारते त्याचे उत्तर द्या.

अट क्रमांक सहा आपण मला सांगितलीत. त्या फॉर्मवर दहा ओळींची जी अट छापली आहे, ती सांगितली नाहीत. का? ती सांगायची आपल्याला लाज वाटली असेल तर आपल्याबद्दल माझे मत थोडे सुधारेल.

वीस वर्षांच्या मुलीने वर्गमित्रांच्या मांडीला मांडी लावून बाकावर बसायचे, आणि बापाचे काम कसे गेले ते परक्या भाषेत, घड्याळ लावून, ओळी मोजत लिहायचे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाने दिलेला आहे. त्यावर शिक्का आहे. मग या दहा ओळी कोणाला वाचायच्या असतात? समितीला? चहाबरोबर? कोणाचे दारिद्र्य अधिक वळणदार, यावर गुण देता का?

ही अटही ‘मूळ दात्याची’ असेलच. मी या गृहस्थाला न पाहता ओळखते. हयातीत कोणाला पाणी विचारले नसेल, आणि उतारवयात दोन पैसे सुटले तेव्हा त्याला त्या पैशांवर कौतुकही हवे झाले. नुसते देऊन त्याचे समाधान होत नाही. समोरच्याने आधी वाकले पाहिजे, मग सांगितले पाहिजे, आणि तेही व्याकरणशुद्ध. अशा माणसाचा फोटो आपण हार घालून जिन्यात लावला असेल. तो काढून आत बाकासमोर लावा, म्हणजे मुलांना कळेल आपण कोणासाठी लिहीत आहोत.

देणगी मीही दिलेली आहे. माझी धाकटी बहीण आनंदी गेली तेव्हा शनिवार पेठेतल्या एका महाविद्यालयात तिच्या नावे रक्कम ठेवली. गरजू मुलीला द्या म्हटले आणि घरी आले. कोणाकडून निबंध लिहून घेतले नाहीत.

मला त्या दात्याचे नाव आणि पत्ता हवा. जिवंत असेल तर मी स्वतः जाऊन बोलेन. नसेल तर त्याच्या वारसांना गाठेन. ‘या घडीला योग्य वाटत नाही’ हे उत्तर पुन्हा पाठवू नये. आपल्याला काय वाटते हे मी विचारलेले नाही.

सत्यशीला रिसबूड

—

वाघोली
सोमवार, २८ जुलै २०२५

श्रीमती सत्यशीला रिसबूड यांस,

स. न. वि. वि.

आपण नाव मागितले आहे. दात्याच्या मूळ पत्राची छायाप्रत सोबत जोडली आहे. दिनांक ९ जून २००३. अक्षर आपले आहे.

शनिवार पेठेतले ते महाविद्यालय याच मंडळाचे. विज्ञान शाखा २०१४ साली वाघोलीला आली, आणि तिच्याबरोबर शाखेचे निधीही आले. असे लहान निधी नऊ होते. २०१८ साली मंडळाने ते एकत्र केले. कोणाही दात्याची तक्रार येऊ नये म्हणून प्रत्येक बाबतीत नऊ पत्रांपैकी सर्वांत कडक असलेली अट सर्वांना लावावी, असे ठरले. अट चार (समक्ष, इंग्रजीत, दहा ओळी) आणि अट सहा (दुपारी बारा) या एकाच पत्रात होत्या. इतर आठ दात्यांनी ‘गरजूस द्यावे’ एवढेच लिहिले होते.

एकत्रीकरणाचे परिपत्रक सर्व दात्यांना पाठवले होते. आपण त्यातील शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल शाईने दुरुस्त करून ते परत पाठवले. मजकुराबद्दल काही लिहिले नव्हते. ते परिपत्रक दप्तरी आहे.

२००३ साली मी त्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक होतो. आपल्या हस्तलिखित पत्राची दप्तरी प्रत मीच टंकलिखित केली. बाराच्या अटीबद्दल मी आपणांस विचारले होते, एखादीला उशीर झाला तर? आपण म्हणालात, “माझ्या एक्स्चेंजमध्ये घड्याळ कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही.” मी तेवीस वर्षांचा होतो. मला ते वाक्य फार आवडले. मी ते पुष्करांनाही शिकवले आहे.

पहिल्या पत्रात मी नाव लिहिले नाही, कारण आपणांस आठवेल असे वाटले. दुसऱ्या पत्रात आपण त्या गृहस्थाबद्दल जे लिहिले, त्यानंतर न कळवणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. जिन्यात फोटो नाही.

गेल्या सात वर्षांत वेळेमुळे परत गेलेले विद्यार्थी अकरा. त्यांची नावे वहीत आहेत. कागद घेऊन, न लिहिता उठून गेले ते किती, याची नोंद नाही. बाकावर राहिलेले कागद मात्र मी ठेवले आहेत. ते आपणांस पाठवणार नाही. ते कोणी वाचावेत म्हणून लिहिलेले नाहीत.

कुमारी हरगुडे यांचा अर्ज त्या दिवशी काचेखालून आत आला आणि आतच राहिला. त्यावर आवक क्रमांक नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. विश्वस्त मंडळाची बैठक शुक्रवार, ८ ऑगस्ट रोजी सकाळी अकराला येथे वाघोलीतच आहे. अट बदलण्याचा अधिकार दात्याला आहे, पण त्याला मंजुरी मंडळाची लागते. आपले मंडळ लेखी कागदाशिवाय हलत नाही, हे मी तेथे बावीस वर्षे काढून सांगतो.

कळावे,
दिगंबर ठोसर

—

सदाशिव पेठ
मंगळवार, २९ जुलै

ऋतुजा,

त्या दहा ओळी मी घातल्या आहेत. बारा वाजताही मीच.

आधी हे लिहून टाकलं, कारण पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव.

वाघोलीचा तो निधी म्हणजे माझी देणगी आणि आणखी आठ जणांच्या देणग्या. त्या आठ जणांना अक्कल होती. माझ्या हस्ताक्षरातलं पत्र आज आलं. मी ते चष्मा पुसून तीनदा वाचलं. मला वाटत होतं मी ‘गरजू मुलीला द्या’ म्हटलं आणि घरी आले. मी दोन पानं लिहिली होती.

कारण सांगते. माफीसाठी नव्हे. आम्ही दोघी बहिणी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये होतो. वडील कारकून. फी अर्धी माफ होती. ती माफी दरवर्षी जूनमध्ये नव्यानं मागावी लागे. मदर सुपीरियरच्या टेबलासमोर उभं राहून, इंग्रजीत, माझ्या वडिलांना पूर्ण फी का देता येत नाही ते सांगायचं. चुकलं तर पहिल्यापासून. मी सात वर्षं उभी राहिले आणि एकदाही चुकले नाही. आनंदी दुसऱ्या वर्षी टेबलापर्यंत गेली आणि बोललीच नाही. तिला मराठी शाळेत घातलं. ती त्याबद्दल जन्मभर काही म्हणाली नाही, आणि मी जन्मभर समजत आले की ती ढिली आणि मी खमकी.

आणि तिच्या नावानं पैसे ठेवताना मी तेच टेबल तिथे नेऊन मांडलं. मला वाटलं, त्या टेबलानं मला घडवलं. ते टेबल नसतं तर मी कशी घडले असते, हा प्रश्न मला त्र्याहत्तराव्या वर्षी पडला आहे, आणि त्याचा मला संताप येतो. कॉन्व्हेंटमधल्या त्या बायांचा येतो, माझा येतो, आणि तुझाही येतो. तू बसचं कारण सांगितलंस म्हणून. ते पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर चौदा दिवस वाचले असते.

शकूला म्हणावं, ती जादा मिनिटं मी दिली नव्हती. द्यावीशी वाटली होती. इतक्या वर्षांत मला दोन्ही एकच वाटायला लागलं.

तुझी फी मी उद्याच भरते. आकडा कळव. पावती तुझ्या नावावर करते आणि विषय संपवते.

सत्यशीला रिसबूड

—

वाघोली
शुक्रवार, १ ऑगस्ट

आदरणीय रिसबूड आजी,

पत्र दोनदा वाचलं. आजीलाही वाचून दाखवलं, पण आनंदी आजींचा भाग नाही. तो तुम्ही मला लिहिलाय असं वाटलं.

मी रागावले होते. तुमच्यावर नाही, ज्यानं तो फॉर्म केला त्याच्यावर. आता ती दोन माणसं एकच निघाली म्हणून मला काय वाटायला पाहिजे ते मला कळत नाहीये. जरा वेळ द्या.

फी तुम्ही भरू नका. तुम्ही भराल, मला माहितीये, आणि बोलूनही दाखवणार नाही. पण मग मी तुमच्याकडे आले की दरवेळी मला वाटेल आज काहीतरी चांगलं सांगायला पाहिजे, मार्क सांगायला पाहिजेत, पप्पांचं सांगायला पाहिजे. त्या दहा ओळी संपणारच नाहीत. फॉर्मवर निदान दहाच होत्या.

निधीतून मिळाले तर घेईन. ते माझ्यासारख्यांसाठी ठेवलेले आहेत. त्यात कुणाचे उपकार नाहीत. दाखला आहे, मार्क आहेत, द्यायचे तर द्या. तसे मिळत असतील तर.

मी सोमवारपासून बायपासला एका कुरियरच्या गोडाऊनमध्ये जाते आहे. स्कॅनिंगचं काम. पंधरा तारखेपर्यंत काही झालं नाही तर नाव काढून घेईन आणि पुढच्या वर्षी बघू. आजी म्हणते, पुढचं वर्ष असं काय नसतं, गेलं की गेलं. काल जेवताना पप्पांनी जोक केला नाही.

ठोसर सर काल गेटपाशी भेटले. त्यांना वाटलं मी ओळखणार नाही. म्हणाले, “तुमच्या अडीच ओळी मी वाचल्या नाहीत.” आणि गेले. मग अडीच होत्या हे त्यांना कसं माहीत?

ऋतुजा

—

सदाशिव पेठ, पुणे
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

प्रति,
अध्यक्ष व सर्व विश्वस्त,
विद्याप्रबोध मंडळ, पुणे
(प्रत: श्री. दिगंबर ठोसर, कार्यालय अधीक्षक, वाघोली)

महोदय,

ही तक्रार आहे. ती आपल्या एका दात्रीविरुद्ध आहे, आणि त्या दात्रीचे ऐकणाऱ्या आपणा सर्वांविरुद्धही आहे.

सदर दात्रीने दिनांक ९ जून २००३ रोजी आपल्याकडे देणगी देताना दोन अटी घातल्या. गरजू विद्यार्थ्याने आपल्या घराची गरिबी कार्यालयासमोर बसून इंग्रजीत दहा ओळींत मांडावी, आणि बारा वाजून गेल्यावर आलेला अर्ज घेऊ नये. दात्रीने या अटी घातल्या त्या स्वतःला चांगले इंग्रजी येते आणि स्वतःचे घड्याळ बरोबर चालते, एवढ्या दोन गुणांच्या जोरावर. गरिबीचा दाखला तहसीलदार देतो. तो पुरेसा का नव्हता, असा खुलासा मी दात्रीकडून मागितला. दात्री म्हणते, मलाही सांगावे लागले होते. हा खुलासा मी असमाधानकारक ठरवला आहे.

आता आपले. आपल्यापाशी नऊ पत्रे होती. आठ माणसांनी विश्वासाने पैसे दिले होते, एकीने अविश्वासाने दिले. आपण अविश्वास निवडलात आणि तो नऊही ठिकाणी लावलात, कारण त्यात आपल्याला कोणी विचारणार नव्हते. गरजू मुले तक्रार करत नाहीत, दाते करतात. तुम्ही दात्यांना सांभाळलेत. त्या आठ जणांपैकी जे हयात आहेत त्यांना मी कळवणार आहे की त्यांच्या पैशांना बावीस वर्षांपूर्वीचा माझा अहंकार बांधलेला आहे. पत्ते श्री. ठोसर देतील. त्यांना योग्य वाटो वा न वाटो.

दात्री या नात्याने माझ्या पत्रातून नियमावलीत गेलेल्या अटी क्रमांक चार आणि सहा मी आज रद्द करत आहे. दोन साक्षीदारांच्या सह्यांचा स्वतंत्र कागद सोबत आहे. दहा ओळींच्या जागी काहीही मागू नये. ‘त्याऐवजी पाच’, ‘त्याऐवजी मराठीत’ असले काही काढू नये. उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रक एवढेच. मुदतीच्या दिवशी कार्यालय बंद होईपर्यंत अर्ज घ्यावा, आणि बाकावर कोणी बसलेले असेल तर आतल्या माणसाने उठून विचारावे. बारा पावले आहेत. मोजलेली आहेत.

आनंदी रिसबूड हे नाव कागदपत्रांत कुठे उरले असेल तर ते ठेवावे की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही. ती आपल्या कार्यालयासमोर आली असती तर बाकावरून उठून गेली असती, एवढे मला आता ठाऊक आहे.

कुमारी ऋतुजा बजरंग हरगुडे हिचा अर्ज १४ जुलैपासून आपल्या कार्यालयात, अधीक्षकांच्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर त्याच तारखेचा आवक क्रमांक घालावा आणि तो ८ ऑगस्टच्या बैठकीत इतर अर्जांबरोबर ठेवावा. वेगळा ठेवू नये, वर ठेवू नये, माझे नाव सांगू नये. तिला मेहेरबानी नको आहे. ती सध्या एका गोडाऊनमध्ये खोकी स्कॅन करते आहे, आणि पंधरा तारखेला तिचे नाव पटावरून जाईल. तिच्या अर्जावर ओळी अडीच आहेत. त्या कोणीही मोठ्याने वाचू नयेत. खरे तर वाचूच नयेत. त्यांतली शेवटची अर्धी ओळ आपणां सर्वांसाठी आहे, माझ्यासकट.

वेळेमुळे परत पाठवलेल्या अकरा विद्यार्थ्यांची नावे वहीत आहेत. त्या प्रत्येकाला मंडळाने पत्र लिहावे. ते आता कुठे आहेत, शिक्षण पूर्ण झाले का, नसेल तर करायचे आहे का, हे विचारावे. पत्रे कशी लिहायची हे सुचत नसेल तर बाकावर बसून पाहावे.

मी त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि मला वाघोलीला यायला सव्वा तास लागतो. तरी ८ तारखेला सकाळी साडेदहाला मी आपल्या कार्यालयासमोर त्याच बाकावर बसलेली असेन. ‘विषय पुढील बैठकीत घेऊ’ हे सांगायला कोणी बाहेर येणार असेल तर त्याने खुर्ची घेऊन यावे, कारण संभाषण लांबेल.

पण तिथवर येऊ नये अशी इच्छा आहे. या पत्राचे उत्तर मला लेखी हवे. मुद्देसूद, सहीसह, आणि गुरुवार, दिनांक ७ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारी बारापर्यंत माझ्या हातात. बारा वाजून सात मिनिटांनी आले तर दार उघडणार नाही, असे मी लिहिले होते. ते खोडले आहे. सात मिनिटे उशिरा आले तरी घेईन, संध्याकाळी आले तरी घेईन. आले मात्र पाहिजे, त्याच तारखेला.

सत्यशीला रिसबूड
तक्रारदार आणि दात्री